सदतीस झडपा

शंकाताईंनी तिसऱ्यांदा मोजलं. सदतीस. पडद्यावरच्या ड्रॉइंगवर फायर डँपरचे टॅग होते सदतीस, आणि त्याच ड्रॉइंगवरून कॉम्प्युटरने आपोआप काढलेल्या यादीत डँपर होते एकतीस.

माणसाची मोजणी चुकते हे त्यांना मान्य होतं. म्हणूनच त्यांनी एकदा डावीकडून मोजलं, एकदा उजवीकडून, आणि मग प्रिंट काढून एकेका टॅगवर लाल पेन्सिलीने खूण करत. तरी सदतीसच. कॉम्प्युटर मात्र एकतिसावर ठाम.

"कुठेतरी पाणी मुरतंय," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

शेजारच्या टेबलावरचे प्लंबिंगवाले काका दचकले. "कुठल्या मजल्यावर?"

"तुमच्या पाण्याचं नाही हो. तुम्ही करा तुमचं काम."

इमारत होती तीन मजली प्रसूतिगृहाची. भिंती, खिडक्या, जिने ही आर्किटेक्टची कामं. त्या भिंतींच्या पोटात आणि छताच्या वर जे काही वाहतं, फुंकतं, तापतं, म्हणजे पाण्याचे पाइप, वायरींचे ट्रे, थंड हवेचे डक्ट, ते सगळं शंकाताईंच्या ऑफिसात आखलं जाई. आखलेल्या प्रत्येक गोष्टीवर नाव घालणं हे शंकाताईंचं काम. डक्ट केवढा, जमिनीपासून किती उंच, पाइप कुठून आला आणि कुठे चालला, हे ज्याच्या त्याच्या अंगावर लिहायचं. साइटवरचा माणूस कॉम्प्युटर बघत नाही. तो कागद बघतो, कागदावरचं नाव वाचतो आणि भिंतीला भोक पाडतो. "भोक पाडून झाल्यावर सॉरी म्हणता येत नाही," असं त्या नव्या माणसांना पहिल्याच दिवशी बजावत.

फायर डँपर म्हणजे डक्टच्या आत, भिंतीच्या जाडीत बसवायची लोखंडी झडप. एरवी ती उघडी असते आणि हवा जात-येत राहते. एका खोलीत आग लागली की ती आपोआप मिटते, म्हणजे धूर आणि ज्वाळा डक्टमधून पलीकडच्या खोलीत जात नाहीत. पलीकडच्या खोलीत आदल्या दिवशी जन्मलेली बाळं असतील, तर त्या झडपेची किंमत काय हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

आणि टॅग म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे. या सॉफ्टवेअरात टॅग ज्या वस्तूला लावाल तिच्याकडूनच तिचं नाव वाचतो. वस्तू मोठी केली की आकडा बदलतो, वस्तू पुसली की टॅगही जातो. माणूस नसेल तर सावली पडणार कशाची? शंकाताईंनी एकेका टॅगवर क्लिक केलं. एकतीस वेळा खालची झडप निळी उजळली. सहा वेळा काहीच झालं नाही.

ते टॅग नव्हतेच. कुणीतरी साधी अक्षरं टाइप करून भोवती चौकट काढली होती. अक्षराची उंची तीच, रेघेची जाडी तीच, नंबरही ओळीने बरोबर. टॅगचं हुबेहूब सोंग. खाली डक्ट होता, भिंत होती. झडप नव्हती.

अशा वेळी लोकांच्या मनात पाल चुकचुकते. शंकाताईंच्या मनात ती कायमची मुक्कामालाच होती. शंकाताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ऑफिसने दिलेलं. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, दूध उतू गेलं नाही तर का नाही गेलं म्हणून वास घ्यायचा, कुणी फार गोड बोललं तर त्याला काय हवंय याचा शोध घ्यायचा. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "सूर्य उगवला तरी ही विचारेल, रात्रभर कुठे होतास?" ऑफिसात लोक हसत, पण साइटवर जाणारी शीट शंकाताईंच्या हाताखालून गेली नसेल तर साहेबांना चैन पडत नसे.

त्या बावीस वर्षांच्या असताना या ऑफिसात आल्या, त्याला आता तीस वर्षं झाली होती. तेव्हा ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईच्या पेनने काढत आणि चूक झाली की ब्लेडच्या कडेने हळूच खरवडत. संशय घ्यायला तो काळ फार सोयीचा होता. अक्षरावरून माणूस कळे. कोण साताच्या पोटात रेघ देतो, कोणाचा आठ वरून उघडा राहतो, कोणाचा हात दुपारी जेवल्यावर जड पडतो, सगळं कागद सांगायचा. आता सगळ्यांचं अक्षर एक झालं होतं. चोर आणि शिपाई एकाच गणवेशात.

तरी सॉफ्टवेअर एक गोष्ट सांगतं. वस्तूवर बाण नेऊन क्षणभर थांबलं की ती कोणाच्या मशीनवर तयार झाली ते दिसतं. शंकाताईंनी बाण नेला. 'चार नंबर.'

झालं. चार नंबर म्हणजे खिडकीजवळचं मोठं मशीन, सामायिक. जड फाइल उघडायची असेल तर कुणीही जाऊन बसायचं. हॉलमधल्या अकरा माणसांपैकी या प्रसूतिगृहाचं काम करणारे तिघेच त्यावर बसत. एक प्लंबिंगवाले काका, पण त्यांना डक्ट आणि डक्टची सावली यातला फरक कळत नसे. दुसरी धाकटी. ती शंकाताईंची सख्खी जाऊ, धाकट्या दिराची बायको. नऊ वर्षांपूर्वी तिची आधीची नोकरी गेली तेव्हा शंकाताईंनीच साहेबांकडे शब्द टाकून तिला इथे आणलं आणि शेजारी बसवून काम शिकवलं. तिचा विचार करायचं कारणच नव्हतं. राहिला तिसरा.

तिसरा माणूस चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या ऑफिसातून आला होता. चाळिशीचा, उंच, खांदे पाडून चालणारा इंजिनियर. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा, त्यातली चार 'हं' असायची. ऑफिसने त्याचं नाव ठेवलं मौनीबाबा. चांगल्या मोठ्या ऑफिसातून हा इथे का आला, याचं उत्तर शंकाताईंना अजून मिळालेलं नव्हतं, आणि न मिळालेलं उत्तर त्यांच्या पोटात खड्यासारखं टोचत राहायचं.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सापळा लावला. सहा खोट्या टॅगांपैकी एकाच्या नंबरापुढे त्यांनी बारीकसं टिंब दिलं, मुंगीच्या डोळ्याएवढा. आता जो कोणी याला हात लावेल त्याचा माग निघेल, असा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आल्या तर टिंब नाही. नुसतं टिंब नाही असं नाही, तो खोटा टॅगच नाही. त्या जागी खरा टॅग, खाली खरी झडप, निळी उजळणारी. डक्टचं वळण हातभर मागे सरकवून तिला जागाही करून दिलेली. यादीत आता बत्तीस.

शंकाताई खुर्चीत मागे रेलल्या. चोरी होते हे त्यांनी पाहिलं होतं. चोर दुपारच्या सुट्टीत येऊन माल परत ठेवून जातो, हे नवीन होतं. याचा अर्थ एकच, चोराला कळलंय की कुणीतरी मोजतंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पुढच्या दुपारी त्या डबा घेऊन सगळ्यांबरोबर गेल्या आणि पाच मिनिटांत "चमचा राहिला" म्हणून परतल्या. प्रिंट काढायचं मोठं मशीन हॉलच्या कोपऱ्यात होतं. त्याच्या आडून खिडकीजवळचं टेबल नीट दिसायचं. चार नंबरवर मौनीबाबा बसला होता. आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून, डोक्याला डोकं लावून, धाकटी.

मौनीबाबा पडद्यावर बोट ठेवून काहीतरी सांगत होता. चक्क बोलत होता! सलग! धाकटी मान हलवत होती आणि मधेच तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. तो थांबला, त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यासमोर ठेवला.

शंकाताईंच्या हातातला डबा गार झाला.

टॅग गेले बाजूला. आता जिकडेतिकडे पुरावेच पुरावे. गेला महिनाभर धाकटी जिन्यात भेटली की घाईत असायची. दोघींच्या घराचा वरचा मजला धाकटीचा, खालचा शंकाताईंचा, आणि सासूबाई खालीच राहायच्या. हल्ली संध्याकाळी धाकटी खाली येऊन सासूबाईंच्या खोलीत बसायची, दार ओढून घ्यायची, आणि शंकाताई आत गेल्या की दोघी एकदम गप्प व्हायच्या. आधी शंकाताईंना वाटलं होतं, घराच्या वाटणीचं चाललंय. आता कळलं काय चाललंय.

त्या संध्याकाळी त्यांनी सासूबाईंपुढे चहा ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "धाकटीचं काही बिनसलंय का हो?"

सासूबाईंनी कप उचलला, बशीत परत ठेवला. "तुला काय वाटतंय?"

"मला कुठे काय वाटतंय."

"तुला नेहमीच काहीतरी वाटत असतं. हे बघ थोरले, जे वाटतंय ते नसणार. वर जा आणि तिलाच विचार."

पण विचारणं हा शंकाताईंचा स्वभाव नव्हता. विचारलं की समोरचा सावध होतो, असं त्यांचं साधं गणित. त्यांनी दुसरा रस्ता धरला. दिराच्या संसारात डोकवायचं नाही, पण त्या माणसाला त्या टेबलावरून उठवायचं. कारण तर हातातच होतं. शुक्रवारी लाल खुणांचा प्रिंट घेऊन त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"खोटे टॅग?" साहेबांचा चष्मा कपाळावर गेला. "आपल्या ऑफिसात?"

"चार नंबरवरून. आणि रोज दुपारी सगळे जेवायला गेले की एकेक गुपचूप बदलला जातोय. माझ्या शीटवर. मला न विचारता."

साहेबांनी मौनीबाबाला बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"यांच्या शीटवर तुम्ही काम करताय?"

"हो."

"कोणी सांगितलं?"

मौनीबाबाने लाल खुणांच्या प्रिंटकडे पाहिलं.

"हे सहा टॅग कोणाचे?"

"आता दोनच राहिलेत," मौनीबाबा म्हणाला. "सोमवारपर्यंत तेही नीट होतील. शीट बुधवारी जायचीय."

"मी विचारलं, कोणाचे?"

मौनीबाबाने एकदा शंकाताईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच त्यांना खटकलं. मग तो जमिनीकडे बघत राहिला. मूग गिळल्यासारखा उभा माणूस बघून साहेबांचा पारा चढला. "उद्यापासून तुम्ही या कामावर नाही. फाइल ताईंकडे द्या. पुढचं मी बघतो."

शंकाताई जागेवर आल्या. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. धाकटीची खुर्ची रिकामी होती. काका म्हणाले, केबिनमधला आवाज बाहेर ऐकू येत होता, तो ऐकता ऐकता ती उठली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला शंकाताई घरी पोचल्या तर धाकटी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली. वर जायची वाट अडवून आणि खाली यायचीही.

"वहिनी, त्यांना का काढलंत?"

"तुला बरी त्यांची काळजी!"

"का नसावी?"

"अगं हळू बोल. मी महिनाभर सगळं बघतेय. दिराच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. नाहीतर..."

"नाहीतर काय?" धाकटीला आधी कळेचना. मग कळलं. तिचं तोंड उघडंच राहिलं, आणि ती एकदम हसली. हसता हसता तिचा आवाज फाटला. "वहिनी! अहो, काय हे! लाज नाही वाटत असलं मनात आणायला?" तिने कठडा घट्ट धरला. "ते टॅग माझे आहेत. सहाच्या सहा."

शंकाताई एक पाऊल मागे सरल्या. सरल्याचं त्यांना कळलंही नाही.

हळूहळू सगळं बाहेर पडलं. महिन्यापूर्वी तपासणीची शीट पाच वाजता जायची होती. सहा ठिकाणी डक्टचं वळण भिंतीला इतकं चिकटून होतं की सॉफ्टवेअर झडप घेईना. घातली की म्हणे, जागा नाही. वळण मागे घ्यायचं तर पलीकडचा पाइप आडवा, तो हलवायचा तर काकांचं सगळं काम हलणार. पाचला वीस मिनिटं कमी असताना धाकटीने अक्षरं टाइप केली, चौकटी काढल्या, शीट पाठवून दिली. नंतर नीट करू म्हणून. मग दुसरं काम आलं. दहा दिवसांनी मौनीबाबाला ते दिसलं. त्याने तिला बाजूला घेऊन विचारलं. ती रडली. तो म्हणाला, बोभाटा नको, शेवटची शीट जाण्याआधी आपण दोघं बसून नीट करू, तुम्हाला वळण कसं मागे घ्यायचं तेही दाखवतो. पण पाइप कुठे सरकवता येतील हे ठरवण्यातच पंधरा दिवस गेले, आणि प्रत्यक्ष बदल तर या आठवड्यात सुरू झाले.

"सासूबाईंना माहीत होतं?"

"सांगितलं होतं. त्या रोज म्हणायच्या, थोरलीला सांग, ती खाणार नाही तुला."

"मग का नाही सांगितलंस?"

"वहिनी, मी डबा उघडला की भाजी करपली का बघायला तुमची मान आधी वळते. तुम्हाला हे कसं सांगणार होते मी?"

शंकाताईंना एकदम राग आला. "ते राहू दे. पण असली थेरं शिकलीस कुठे? मी तुला हे शिकवलं?"

"हो," धाकटी म्हणाली.

"काय?"

"शाळेचं काम. मला लागून सहा-सात महिने झाले होते. तीन ठिकाणी झडप बसत नव्हती. तुम्हीच म्हणालात, आत्ता लिहून टाक, चौकट काढ, शीट जाऊ दे, सोमवारी नीट करू. चौकट केवढी काढायची ते पण तुम्हीच दाखवलंत. मी तीच काढली."

"मग सोमवारी केलं की नीट!"

"केलं का?"

धाकटीच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. आणि तीस वर्षं दुसऱ्यांची चूक मनात तारीखवार ठेवणाऱ्या शंकाताईंना त्या सोमवारचं काहीही आठवेना.

शनिवारी ऑफिस उघडताना पहिल्या त्याच. जुन्या कामांच्या साठ्यातून त्यांनी शाळेची फाइल काढली. फाइल जुनी, सॉफ्टवेअर नवं. उघडायला पाव तास लागला, आणि तेवढ्या वेळात त्यांनी कुलूप तपासावं तसं मन तीन-तीनदा ओढून बघितलं. मी असं करणार नाही. मी तर मुळीच करणार नाही. फाइल उघडली. पहिला मजला, ग्रंथालय. क्लिक केलं, काही उजळलं नाही. दुसरा मजला, गच्चीकडचा कॉरिडॉर. काही नाही. दुसरा मजला, प्रयोगशाळेमागची कोठार-खोली. काही नाही. बाण नेऊन थांबल्या. मशीनचं नाव आलं, त्यांचं स्वतःचं.

साहेब दहाला आले. शंकाताई धाकटीला घेऊन केबिनमध्ये गेल्या आणि उभ्या राहूनच सगळं सांगितलं. धाकटीचं धाकटीने, स्वतःचं स्वतः. मौनीबाबाचं नाव आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांच्या बाबतीत मी साप साप म्हणून भुई धोपटली."

साहेब बराच वेळ पेन फिरवत राहिले. प्रसूतिगृहाचं त्यांना तितकं वाटलं नाही, शेवटची शीट अजून हातात होती. शाळेचं वाटलं. "पण ताई, कागदावर तर झडपा लिहिलेल्या होत्या ना? मग कंत्राटदाराने कागद बघून बसवल्याही असतील."

"असतील म्हणजे?" शंकाताई म्हणाल्या. "सामानाची यादी कॉम्प्युटरने काढली. यादीत त्या तीन नव्हत्या. साइटवर तीन कमी आल्या असणार. मग एखाद्याने मागवून घेतल्या असतील, एखाद्याने म्हटलं असेल, जाऊ दे. असतील यावर मी घरी जाऊन झोपायचं?"

साहेबांनी पेन ठेवलं. "नका झोपू. जाऊन बघून या."

छताच्या वर काय आहे ते ओळखायला इंजिनियर लागणार होता. शंकाताई मौनीबाबाच्या टेबलाशी गेल्या. तो आपलं सामान एका पिशवीत भरत होता, पुढच्या कामाच्या टेबलावर जायला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. एवढं साधं वाक्य म्हणायला त्यांना पाणी प्यावं लागलं होतं. "साहेबांना सगळं सांगितलंय. फाइल पुन्हा तुमच्याकडे आलीय. आणि मला शाळेत यायला माणूस हवाय."

"हं," मौनीबाबा म्हणाला. मग बसस्टॉपवर, बसची वाट बघताना, अचानक म्हणाला, "मी पण घेतला होता."

"काय?"

"संशय. तुमच्यावर. पहिले दोन दिवस मला वाटलं हे तुमचंच काम. अक्षर आणि चौकट यातली जागा बघून. तुमच्या सगळ्या जुन्या शीटवर तेवढीच असते."

शंकाताईंना राग यायला हवा होता. त्यांना उलट जरा बरं वाटलं. कोणीतरी नीट बघणारं होतं तर ऑफिसात. बसमध्ये त्यांनी तो खडाही बाहेर काढला: इतक्या मोठ्या ऑफिसातून इथे का आलात? तो म्हणाला, "आई आजारी असते. इथून घर चालत दहा मिनिटं." चार महिने टोचत असलेलं उत्तर एवढंसं होतं. "आणि दुपारी घरी का जात नाही मग?" शंकाताईंनी लगेच विचारलं. जित्याची खोड. "जायचो," तो म्हणाला. "हा महिना सोडून."

शाळा सुटलेली होती. देखभालीवरच्या माणसाने शिडी आणली, कपाळावर आठ्या आणल्या आणि छताचा चौकोन ढकलून बाजूला केला. ग्रंथालयावरची झडप होती. मौनीबाबाने बॅटरी मारून दाखवली, शंकाताईंनी शिडीवर अर्ध्यापर्यंत चढून बघितली. कॉरिडॉरमधलीही होती, धूळ खात, पण होती. देखभालवाला म्हणाला, "झालं ना मग? बाकीच्याही असतीलच."

"तिसरी दाखवा," शंकाताई म्हणाल्या.

प्रयोगशाळेमागच्या खोलीत बाटल्यांची कपाटं होती. भिंतीपलीकडे वर्ग होता, फळ्यावर कुणाचं तरी चित्र काढून खाली नाव लिहिलेलं. मौनीबाबा शिडीवर चढला. बराच वेळ बॅटरीचा उजेड छताच्या आत इकडून तिकडे फिरत राहिला.

"काय आहे?"

"पत्रा," तो वरून म्हणाला. "सरळ पत्रा. भिंतीतून आरपार. भोवती सिमेंट चोपडलंय."

शंकाताईंनी कपाटाला हात टेकला. आठ वर्षं. दर वर्षी किती मुलं इथे येऊन बर्नर पेटवत असतील, हे त्यांनी मोजायला घेतलं आणि पहिल्यांदाच अर्ध्यावर सोडून दिलं. देखभालवाला विचारत राहिला, काही मोठं आहे का? मौनीबाबाने खाली उतरून त्याला समजावून सांगितलं.

साहेबांनी त्याच दिवशी शाळेला पत्र पाठवलं. झडप बसेपर्यंत प्रयोगशाळा बंद ठेवा आणि चूक आमची आहे, असं स्पष्ट लिहून. दोन आठवड्यांनी, शाळेच्या सुट्टीत, झडप बसली. शंकाताई बसवताना गेल्या, बसवल्यावर गेल्या, आणि एकदा मिटवून बघायला गेल्या. तिसऱ्या वेळी त्या पूर्ण शिडी चढल्या. देखभालवाल्याने हात जोडले. "बाई, आता ती झडप पण कंटाळली असेल."

प्रसूतिगृहाची शीट बुधवारी गेली. टॅग सदतीस, झडपा सदतीस. शंकाताईंना साहेबांनी शिक्षा केली ती अशी की तीन महिने त्यांच्या प्रत्येक शीटवर मौनीबाबाची तपासणीची सही. त्यांनी हूं की चूं केलं नाही. उलट आपल्या तीस वर्षांपैकी कॉम्प्युटरवर काढलेली सगळी जुनी कामं त्या दुपारच्या सुट्टीत एकेक उघडून तपासू लागल्या. चौदा कामं तपासून झाली. आणखी एक चौकट सापडली, एका गोदामाच्या पाण्याच्या पाइपावर, निरुपद्रवी. तीही त्यांनी साहेबांना नेऊन दाखवली. हल्ली त्यांच्याबरोबर मौनीबाबा दुपारी बसत नाही. तो घरी जातो.

धाकटी आता काही बसत नसेल तर हॉलभर ऐकू जाईल असं विचारते, "वहिनी, इथे झडप जात नाहीये, काय करू?" आणि दोघी मिळून वळण मागे घेतात. कामाचं सुरळीत झालं. जिन्यातल्या त्या बोलण्याचं मात्र तसं झालं नाही. शंकाताईंनी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा धाकटी म्हणाली, "सोडा हो वहिनी," आणि विषय बदलला. सोडलं की ठेवून दिलं, हे शंकाताईंना अजून कळलेलं नाही. दिराला तिने हे सांगितलं की नाही, हेही नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "तिलाच विचार." आणि विचारणं अजून तितकंसं जमत नाही.

मागच्या रविवारी सगळे खालच्या मजल्यावर एकत्र जेवत होते. दीर मधेच हात थांबवून म्हणाला, "वहिनी, हल्ली तुम्ही माझ्याकडे असं टक लावून काय बघता हो?"

"केस मोजतेय," शंकाताई म्हणाल्या. "कमी झालेत."

घड्याळवाला नवरा खो-खो हसला, दिराने डोक्यावरून हात फिरवला. धाकटी पाणी पीत होती. तिला जोराचा ठसका लागला आणि तोंडावर ओढणी धरून ती उठून आत गेली. ती हसत होती की काय करत होती, ते बघायला शंकाताईही ताट तसंच टाकून तिच्या मागोमाग आत गेल्या.